डावीकडे एक

सायकलची घंटा तीनदा वाजली होती, हे इलेनियाला नंतर आठवलं. दोनदा लांबून, एकदा अगदी जवळून. मोदेनाच्या भाजीबाजाराबाहेर कॉफी पिऊन ती आणि सिन्योर एर्मेस रस्त्यावर आले होते. एर्मेस इमोलाच्या शर्यतीत हवा कशी असेल याबद्दल बोलत होते; गाडी तेच चालवणार होते. रविवारी ऊन राहिलं तर मागची चाकं शेवटच्या दहा मिनिटांत लोण्यासारखी होतील, असं काहीतरी. घंटा ऐकून ते थांबले, बोलणंही थांबवलं. त्यांनी समोर पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, आणि पाऊल खाली टाकलं ते थेट डावीकडून आलेल्या सायकलच्या पुढ्यात. फार लागलं नाही कुणाला. सायकलवरच्या बाईंच्या टोपलीतली अंडी फुटली आणि त्यांचा लाल हातमोजा खरचटला. एर्मेसनी वाकून वाकून माफी मागितली, नवी अंडी आणून देतो म्हणाले, आणि खरंच बाजारात परत जाऊन एक डझन घेऊन आले. बाई तोपर्यंत इलेनियापाशी उभ्या राहून सांगत होत्या की मी काय चोरपावलांनी आले का, देवळातल्यासारखी घंटा बडवत आले, आणि हे शहाणे उजवीकडे बघतात. इलेनियाने मान हलवली. तिच्या डोक्यात तेवढंच अडकलं होतं: घंटा डावीकडे वाजत असताना माणूस उजवीकडे का बघेल? डावीकडचा रस्ता त्याला आधीच दिसला असेल आणि तो रिकामा वाटला असेल, तरच.

इमोलाला जाताना ती ट्रकमध्ये मुख्य मेकॅनिक प्रीमोच्या शेजारी बसली होती. बाहेर सपाट शेतं, पेअरच्या बागा, पानं गळायला लागलेली. प्रीमो त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होता आणि ती हं हं करत होती. तिच्या मनात अख्खा हंगाम उलटा सरकत होता. मोंत्सामध्ये, एप्रिलमध्ये, पहिल्याच सरावानंतर एर्मेस गाडीतून उतरले आणि म्हणाले, डावा आरसा थरथरतो, काही दिसत नाही. प्रीमोने आरसा बदलला. वाल्लेलुंगामध्ये त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा प्रीमोने आरशाची दांडी बदलली, आणि ती नवी दांडी इतकी जाड होती की दुसरा चालक लोरिस म्हणाला, हिच्यावर आता टॉवेल वाळत घालता येईल. मुजेल्लोत इलेनियाने आरशाच्या दांडीवर कंपनं मोजायचा एक छोटा संवेदक चिकटवला. कंपनं होती, पण उजव्या आरशाइतकीच होती. ते आकडे तिने वहीत लिहून ठेवले होते आणि त्यांच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. पण त्या प्रश्नचिन्हाचा तिने पाठलाग केला नव्हता. सोपा उपाय होता ना. एर्मेसच म्हणाले होते, इंजिनियर, तू पडद्यावर सगळ्या गाड्या बघतेसच, डावीकडून कुणी आलं तर रेडिओवरून कानात सांगत जा. म्हणून ती सांगायला लागली. डावीकडे एक. अजून आहे. गेला. डावीकडे एक. अजून आहे. गेला. प्रीमो म्हणायचा की पोरीच्या बोलण्याला आता चर्चमधल्या जपासारखी लय आलीय. लोरिस म्हणायचा, मला कधी काही सांगत नाही ही, मी काय सावत्र आहे का? आणि एर्मेस या हंगामात जसे चालवत होते तसे ते कधीच चालवत नव्हते. हौशी आणि व्यावसायिक अशा जोड्यांच्या गटात ते दोघं अकरा गुणांनी पुढे होते. शेवटची फेरी राहिली होती, इमोलाची. चोविसाव्या वर्षी लोरिसला हे विजेतेपद मिळालं तर मोठ्या संघाच्या चाचणीला बोलावणं येणार होतं. तसं त्याला सांगितलं गेलं होतं. तो आठवडाभर कमी बोलत होता आणि जास्त खात होता.

गाडीला एकशे चाळीस संवेदक होते. ब्रेकचा दाब, स्टिअरिंगचा कोन, प्रत्येक टायरचं तापमान तीन ठिकाणी, तेल, हवा, पेट्रोल, सगळं सेकंदाला शंभर वेळा. माणसावर एकही नव्हता. हे तिला ट्रकमध्ये बसल्या बसल्या इतकं लख्ख दिसलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. चालकाने तक्रार केली की दोष गाडीत शोधायचा, ही त्यांची सगळ्यांची सवय होती. तीच त्यांची नोकरी होती. आरसा दिसत नाही म्हटल्यावर तिघा-चौघांनी मिळून आरसा तपासला होता, वाकून, बॅटरी घेऊन, मायक्रोमीटर लावून. दिसत नाही या शब्दांना दुसरंही टोक असतं हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी एकदा कागदावर एक फुली आणि एक ठिपका काढायला लावला होता. एक डोळा मिटायचा, फुलीकडे बघायचं, कागद हळूहळू जवळ आणायचा, एका जागी ठिपका नाहीसा होतो. बाकीची मुलं हसली होती. इलेनियाला मात्र त्या दुपारी घरी जाईपर्यंत कसंतरी होत राहिलं. ठिपका गेला याचं काही नव्हतं. त्याच्या जागी भोक पडलं नव्हतं, तिथे पांढरा कागद दिसत होता, याची तिला भीती वाटली होती. डोकं भोक ठेवत नाही. शेजारचा कागद ओढून तिथे ठिगळ लावतं आणि आपल्याला सांगतसुद्धा नाही.

इमोलाला पोचल्यावर बाकीचे तंबू उभारत होते तेव्हा ती ट्रकमधल्या अरुंद टेबलापाशी बसली आणि तिने गेल्या वर्षीचे आलेख काढले. बाकीची सगळी मैदानं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावतात, वळणं बहुतेक उजवीकडची. इमोला उलटं धावतं. तोसा डावीकडे, पिरातेल्ला डावीकडे, रिवात्साची दोन्ही वळणं डावीकडे. उन्हाळाभर जे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात लपलं होतं ते इथे लपणार नव्हतं. पण वाट बघायची गरज नव्हती. तिने या हंगामातली फक्त डावी वळणं वेगळी काढली आणि त्यांवर एर्मेसचीच गेल्या वर्षीची डावी वळणं ठेवली, एकावर एक. उजव्या वळणांत दोन्ही रेषा एकमेकींवर इतक्या नीट बसत होत्या की माणूस तोच आहे हे सही बघून ओळखावं तसं ओळखू यावं. डाव्या वळणांत या वर्षीची रेषा किंचित उशिरा वळत होती, मग पुन्हा एकदा थोडी वळत होती. प्रत्येक वेळी. आधी एक अंदाज, मग एक दुरुस्ती. मार्चच्या चाचणीत जेमतेम होतं, एप्रिलमध्ये स्पष्ट होतं, जूनमध्ये वाढलं होतं. इतके महिने ती याला टायर म्हणत होती, वारा म्हणत होती, एकदा तर एर्मेसच्या पाठीचं दुखणं म्हणाली होती.

तिची आई सास्सुओलोच्या एका फरशीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं निवडीवर होती. पट्ट्यावरून फरश्या सरकत यायच्या, जांभळ्या दिव्याखाली, आणि आईने चकाकणाऱ्या खडूने दोषावर खूण करायची. पुढचं यंत्र ती खूण वाचून फरशी बाजूला काढायचं. मिनिटाला चाळीस फरश्या. आई सांगायची, खूण करायची आणि हात मोकळा करायचा, भट्टीवर कोण होतं, कुणाचा हात चुकला, हे विचारत बसलीस तर पुढच्या चार निसटतात. एर्मेस बाक्कारानींचा फरशीचाच कारखाना तिथून दोन किलोमीटरवर होता. त्यांना आईसारख्या बायकांची नावं पाठ होती, आणि इलेनियाला कामावर घेताना त्यांनी तिचे गुण न विचारता आई कुठल्या पट्ट्यावर होती ते विचारलं होतं. वयाच्या पन्नाशीला त्यांनी शर्यती सुरू केल्या तेव्हा त्यांच्या मुली त्यांना हसल्या होत्या. ते एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले होते की कारखान्यात मी पाऊल टाकलं की सगळे उठून उभे राहतात आणि काम थांबतं, इथे मी आलो की काम सुरू होतं. त्या वेळी सगळे हसले होते. आता आलेखाकडे बघताना तिला ते वाक्य वेगळं ऐकू येत होतं. खूण करायची आणि हात मोकळा करायचा. पण हात कसा मोकळा होणार. एप्रिलपासून त्या माणसाच्या डाव्या बाजूला ती स्वतः बसली होती.

शुक्रवारी सकाळपर्यंत तिने कुणालाही सांगितलं नाही. खात्री नाही, असं ती स्वतःला सांगत होती. आणि हे खोटं नव्हतं, एवढंच वाईट होतं. आलेख म्हणजे पुरावा नव्हे. उशिरा वळण्याची दहा कारणं असतात. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, मग काय होतं ते पाहायचं, हे तिला विद्यापीठात पाच वर्षं शिकवलं होतं आणि ते तिच्या हाडात गेलं होतं. बदलता येण्याजोगी एकच गोष्ट तिच्या हातात होती. हा विचार आला तेव्हा तिने तो नीट पाहिला नाही. अंगावर बसलेली माशी न बघता हाकलावी तसा हाकलला. सराव सुरू झाला. एर्मेस बाहेर पडले. चार फेऱ्या ती नेहमीसारखी बोलत राहिली. डावीकडे एक. अजून आहे. गेला. पाचव्या फेरीत व्हिलनव्हच्या वळणांतून बाहेर पडताना एक निळी गाडी एर्मेसच्या मागून डावीकडे सरकताना तिला पडद्यावर दिसली. तोसापर्यंत ती आतल्या बाजूला शिरणार हे स्पष्ट होतं. इलेनियाचं बोट बटणावर होतं. तोंडात शब्द तयार होता. जिभेवर त्याचं वजनसुद्धा जाणवत होतं. तिने बटण दाबलं नाही. किती वेळ? पुढे आलेखात तिने मोजलं, दोन पूर्णांक सहा सेकंद. मोजण्याआधी कुणी विचारलं असतं तर तिने दहा सांगितले असते. त्या दोन पूर्णांक सहा सेकंदांत ती घाबरलेली नव्हती. ती लक्ष देऊन पाहत होती. पुढे कित्येक दिवस तिला याचाच त्रास झाला.

एर्मेस वळले. समोरची जागा रिकामी असावी तसे शांतपणे वळले. निळ्या गाडीने ब्रेक लावला, मागची चाकं सुटली, गाडी स्वतःभोवती दीड वेळा फिरून गवतावरून वाळूत गेली आणि धूळ उडवत उभी राहिली. लाल झेंडा लागला, सराव थांबला. दोन मिनिटांनी निळ्या गाडीतली चालक मुलगी स्वतःच्या पायांनी बाहेर आली, तिने हेल्मेट काढलं आणि वाळूत बसून बुटातली वाळू झटकायला लागली. वीस-एकवीस वर्षांची असेल. पडद्यावर तिचं तोंड अंगठ्याच्या नखाएवढं दिसत होतं. इलेनियाने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले तेव्हा तिला कळलं की आपले हात पूर्ण कोरडे आहेत.

एर्मेस गाडी घेऊन आत आले. प्रीमो दारापाशी वाकला आणि सरळ होऊन ओरडला की डावा आरसा पुन्हा काढा रे. कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर आणायला पळालं. निळ्या गाडीच्या संघाचा माणूस येऊन तावातावाने बोलून गेला; प्रीमो त्याला म्हणाला, आरशाचा लोचा आहे, एप्रिलपासून छळतोय, संध्याकाळी तुमच्याकडे एक बाटली पाठवतो. लोरिस गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा होता. तो फक्त इलेनियाकडे बघत होता. मग जवळ येऊन हळू आवाजात त्याने विचारलं, रेडिओ बंद पडला होता का. ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, मग? ती पडद्याकडे वळली. हातातला अर्धा सँडविच त्याने कागदात परत गुंडाळला, खूप काळजीपूर्वक, चारही कोपरे आत दुमडून, आणि तो बाहेर गेला.

ट्रकमध्ये एर्मेस आधीच येऊन बसले होते. अंगातला पोशाख कमरेपर्यंत उतरवलेला, केस ओले. त्यांनी छोट्या फ्रिजमधून एक इवलीशी बाटली काढली, मान मागे टाकली आणि डाव्या डोळ्यात दोन थेंब घातले. ती बाटली वर्षभर तिथेच होती, चीजच्या मागे, आणि सगळे म्हणायचे की सिन्योरना धुळीचा त्रास आहे. त्यांनी डोळा मिटून ठेवला आणि ती दारात उभी आहे हे त्यांना कळलं असावं, कारण ते म्हणाले, "बस, इंजिनियर."

ती बसली. तिने आलेख उघडला नाही. म्हणाली, "मी तिला पाहिलं होतं. निळ्या गाडीला. मी मुद्दाम बोलले नाही."

"माहीत आहे."

"मला बघायचं होतं, तुम्हाला..."

"ते पण माहीत आहे." त्यांनी डोळा उघडला. थेंब गालावर ओघळला होता, तो त्यांनी मनगटाने पुसला. "सात महिने तू एकदाही चुकली नाहीस. आज गप्प राहिलीस, तेव्हा वळणाच्या मध्येच मला कळलं की हिला कळलंय."

मग ते सांगत राहिले आणि ती ऐकत राहिली. काचबिंदू. मार्चच्या शेवटी बोलोन्यातल्या एका डॉक्टरने सांगितलं होतं. जानेवारीच्या परवान्याच्या तपासणीत त्यांनी तक्त्यावरची अगदी खालची ओळसुद्धा वाचली होती. समोरचं सगळं दिसतं, आजही दिसतं. जातं ते कडेचं. त्यांना वाटायचं की काळोख दिसेल, काही काळं दिसेल, म्हणजे कळेल तरी. तसं काहीच होत नाही. डावीकडे बघावं तर डावीकडे सगळं जागच्या जागी असतं. रस्ता असतो, भिंत असते. फक्त त्या रस्त्यावर कधी कुणी येत नाही. हा हंगाम संपला की सोडणार होते. गेल्या हंगामानंतरही असंच ठरवलं होतं, तेव्हा डोळ्याचं काही नव्हतं, तेव्हा फक्त वय होतं. आणि मग तू बोलायला लागलीस, ते म्हणाले, आणि मला वाटलं निभेल. मग त्यांनी विचारलं, अगदी कारखान्यात मालाबद्दल विचारावं तसं, की रविवारी त्यांचा वाटा फक्त पंचवीस मिनिटांचा आहे, तिने पंचवीस मिनिटं नीट सांगितलं तर काही व्हायचं कारण आहे का. ती शहाणी आहे, तिने हिशोबाने सांगावं.

तिने खरंच विचार केला. हो म्हणणं सोपं होतं आणि ते बहुधा खरंही ठरलं असतं. सात महिने ठरलंच होतं. लोरिसचा कागदात गुंडाळलेला सँडविच तिच्या डोळ्यांसमोर आला, प्रीमोचा गुडघा आला, पुढच्या वर्षी हा ट्रक कुठे उभा असेल ते आलं. आणि त्या मुलीने बुटातली वाळू झटकली होती ते आलं, एक बूट, मग दुसरा, काही घाई नसल्यासारखी.

"मी आज गप्प राहू शकले," ती म्हणाली. "म्हणजे रविवारी माझ्यावर भरवसा ठेवता येणार नाही. तुम्हीही ठेवू नका."

एर्मेस हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फरशी उजेडात तिरकी धरून बघावी तसं त्यांनी तिच्याकडे थोडं तिरकं पाहिलं, उजव्या डोळ्याने. नंतर पोशाखाच्या बाह्या त्यांनी कमरेभोवती बांधल्या, गाठ दोनदा मारली, आणि उठले. म्हणाले, आधी डॉक्टरकडे, मग शर्यतीच्या कचेरीत. आणि लोरिसला मी सांगेन, तू नाही. त्याला काय म्हणायचंय ते त्याने मला म्हटलं पाहिजे. त्या मुलीलाही मीच सांगेन. ते ट्रकची पायरी उतरायला लागले तशी ती घाईने त्यांच्या डाव्या बाजूला आली आणि सवयीने तिचं तोंड उघडलं.

"नको," ते म्हणाले. "आता काही बोलू नकोस, इंजिनियर. मला किती दिसत नाही ते मला एकदा बघायचंय."

डॉक्टरची खोली गॅरेजच्या रांगेच्या शेवटी होती, साधारण दीडशे मीटर. मधल्या गल्लीत दुपारची गर्दी होती. टायरच्या गाड्या, पेट्रोलचे पिंप, पंख्याखाली वाळत घातलेले हातमोजे, एका तंबूत कुणीतरी मोठ्या भांड्यात पास्ता ढवळत होतं. एर्मेस सरळ चालत होते, मान न वळवता. इलेनिया दोन पावलं मागे होती. तिने दोन्ही हात खिशात घातले होते आणि ओठ इतके घट्ट मिटले होते की दाढा दुखायला लागल्या. एका तंबूतून एक माणूस बाहेर आला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पुढे टायरचा उंच ढिगारा लादलेली गाडी ढकलत, डावीकडून, चांगल्या वेगात. अंतर पाच मीटर, मग तीन. एर्मेसचं पाऊल मंद झालं नाही. मग ढिगाऱ्याच्या बाजूने त्या माणसाचं डोकं बाहेर आलं, त्याने एर्मेसना पाहिलं, टाचा रोवून गाडी थांबवली आणि कपाळावरचा घाम पुसत उभा राहिला, ते पुढे जाईपर्यंत. एर्मेसना काहीच कळलं नाही. ते तसेच गेले, डॉक्टरच्या दारापाशी थांबले, दाराची मूठ त्यांना पहिल्याच वेळी सापडली, आणि आत जाण्याआधी त्यांनी मागे वळून विचारलं, "काही होतं का वाटेत?"

"होतं," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.